आंबील, शिंदी आणि मोहा : नांदेड-लातूर भागातील आंबवण-पेयांचा इतिहास

मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासाची साधने चाळताना पेयांच्या बाबतीत एक विसंगती ठळकपणे नजरेस येते. ज्या पेयावर सरकारने कर बसविला त्याची नोंद विपुल आहे. जे पेय घरोघर होत असूनही करातून सुटले त्याची नोंद जवळजवळ नाही. शिंदी आणि मोहाची दारू ह्यांचे इजारे, लिलाव, परवाने व दंड ह्यांनी निजामी राज्याच्या आबकारी खात्याची दफ्तरे भरली. उलट, त्याच गावांत दरवर्षी मार्गशीर्षाच्या अमावास्येस मडकी भरभरून होणारी ज्वारीची आंबील कोणत्याही दफ्तरात सापडावयाची नाही. शिवाय जी नोंद आहे तीही पेयाच्या उत्पन्नाची आहे, चवीची नाही. पिणाऱ्याच्या जिभेला काय लागले, चांगली शिंदी कोणती व उतरलेली कोणती, हे ठरविण्याची काही रीत होती की नाही, ह्याविषयी कागद मुके आहेत. नांदेड आणि लातूर ह्या दोन जिल्ह्यांच्या मर्यादेत हा प्रश्न तपासून पाहणे उपयुक्त ठरेल. लातूर जिल्हा १९८२ साली उस्मानाबादपासून वेगळा झाला असला, तरी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हा सर्व प्रदेश एकाच पट्ट्यात मोडतो. मराठी, कन्नड आणि तेलुगू ह्या तीन भाषा येथे एकमेकींना भिडतात, आणि पेयांची नावेही त्या तिन्हींतून आलेली आहेत.

तुलनेसाठी युरोपातील एक उदाहरण घेण्यासारखे आहे. बेल्जम देशात ब्रसेल्स नगराभोवती व पश्चिमेकडील पायोटनलंड भागात 'लांबिक' नावाची बिअर होते. मोड आणून वाळविलेले सातू आणि मोड न आणलेला गहू ह्यांचा काढा रात्रभर उघड्या, उथळ पात्रात निवत ठेवतात. हवेतून व इमारतीच्या लाकडांतून जे सूक्ष्म जीव त्यात उतरतील तेच त्याचे किण्वन करतात. बाहेरून विरजण असे घालावयाचे नाही. पुढे हा रस ओकच्या पिंपांत एक ते तीन वर्षे मुरतो. जुन्या पिंपातील रसाला आंबटपणा व खोली असते, नव्यात थोडी साखर शिल्लक असते. दोन्ही चाखून, प्रमाण ठरवून एकत्र करणे हे तेथील 'ग्योझ' मिश्रण करणाऱ्याचे खरे कसब होय. त्याच देशाच्या दक्षिणेकडील एनो प्रांतात 'सेझों' ही शेतावरची बिअर होती. हिवाळ्यात करून ठेवावयाची आणि उन्हाळ्यात हंगामी मजुरांना शेतावर द्यावयाची, असा तिचा रिवाज. नावाचा अर्थही 'हंगाम' एवढाच. अलीकडे ह्या दोन्ही जातींचे मिश्रण करून ते पिंपात मुरविण्याचा प्रघातही पडला आहे. २०१६ साली युनेस्कोने बेल्जमच्या बिअर-संस्कृतीस मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. एक पेय शेतमजुराचे व हंगामाचे, दुसरे रानटी किण्वाचे व मुरण्याचे. आणि दोहोंच्या मुळाशी चाखून पारखणारी जीभ. ह्या दोन्ही जातींची पेये गोदावरी-मांजरेच्या खोऱ्यातही होती. ती वारसा म्हणून न गणता एक करासाठी गणली गेली आणि दुसरी अजिबात गणली गेली नाही, हा मात्र फरक आहे.

मुरविण्याची व पारखण्याची कल्पना भारतीय वाङ्मयास अपरिचित नव्हती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसाव्या अध्यायात मद्यवर्ग स्वतंत्रपणे दिला असून नवे मद्य जड व दोषकारक, तर जुने मद्य हलके, रुचकर व अग्निदीपक असल्याचे सांगितले आहे. ह्याच मद्यवर्गात सुरा व आसव ह्यांच्याबरोबर सौवीरक, तुषोदक आणि आंबट कांजी ह्यांचाही समावेश आहे. म्हणजे धान्य आंबवून केलेले, फारशी नशा न आणणारे आंबट पाणी आणि नशा आणणारी सुरा ही एकाच कुळातील मानली जात. पुढील काळातील करव्यवस्थेने जी भिंत ह्या दोहोंमध्ये उभी केली ती जुन्या वैद्यांना ठाऊक नव्हती. आसवे व अरिष्टे मुरविण्याची रीत तर आजही चालू आहे. तूप चोळलेल्या मडक्यात रस भरून, त्यात धायटीची फुले घालून, तोंड लिंपून ते धान्याच्या राशीत किंवा जमिनीत पंधरवडा-महिनाभर पुरून ठेवावयाचे. धायटीच्या फुलांवर किण्वजीव निसर्गतःच असतात हे आधुनिक सूक्ष्मजीवशास्त्राने दाखवून दिले आहे. ओकच्या पिंपाचे काम दक्षिणेत तुपाने मुरलेल्या मडक्याने केले, असे म्हणावयास हरकत नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण असून मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु असे सहा प्रकार तेथे येतात. मेदकाचे प्रमाणही स्पष्ट आहे : एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. सुरेची व किण्वाची सामग्री गोळा करण्याचे काम स्त्रिया व मुले ह्यांच्याकडे सोपविले आहे, ही बाब सहसा दुर्लक्षिली जाते. किण्व जिवंत राखण्याचे ज्ञान घरातील बायकांच्या हाती होते, आणि आंबिलीच्या बाबतीत ते आजही तसेच आहे.

प्रत्यक्ष ह्या प्रदेशाविषयी पुरावा थोडा आहे, पण तो सूचक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक सागरी वर्णनात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालात इटलीची, लाओदिकेयाची व अरबस्तानची द्राक्षमदिरा सांगितली आहे, आणि त्याच वर्णनात भडोचशी व्यापार असलेली दख्खनची दोन नगरे म्हणून पैठण व तगर ह्यांची नावे येतात. तगर म्हणजे लातूरच्या शेजारचे तेर. बाहेरची मुरलेली मदिरा ह्या वाटेने कितपत आत आली हा निराळा विषय आहे. तथापि अशी मदिरा आणणाऱ्या व्यापाराशी हा प्रदेश जोडलेला होता, एवढे निश्चित. त्यानंतर 'लट्टलूरपुरवराधीश्वर' हे बिरुद मिरविणाऱ्या राष्ट्रकूटांचा काळ येतो. लट्टलूर म्हणजे लातूर, हे मत सर्वसाधारणपणे मान्य आहे.

अधिक नेमके साहित्य कल्याणीच्या चालुक्यांच्या काळचे आहे. कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, लातूर जिल्ह्याच्या सरहद्दीपासून फार दूर नाही. तेथील राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या नावावर असलेल्या 'मानसोल्लास' ह्या ग्रंथात (सुमारे इ. स. ११३०) पाच विंशती असून शेवटच्या विंशतीत राजाच्या वीस क्रीडांमध्ये मदिरापानक्रीडा गणली आहे. जुन्या मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ त्यातील मराठी पद्यपंक्तींमुळे परिचित आहे. पेयांच्या अभ्यासकांनीही तो तितक्याच आस्थेने वाचावयास हवा. मदिरा हा येथे रसास्वादाचा विषय आहे. त्याच कल्याणीत, त्याच शतकात, बसवेश्वरांच्या शरणमंडळात हेंडद मारय्या ह्या नावाचा शरण होता. 'हेंड' म्हणजे कन्नडमध्ये ताडी. मारय्या ताडी विकणारा होता. एका बाजूस राजाच्या उद्यानातील पानक्रीडा आणि दुसऱ्या बाजूस ताडीच्या दुकानातून भक्तिमार्गाकडे आलेला वचनकार, ही दोन्ही चित्रे एकाच नगरातील आहेत. ताडी विकणारा मनुष्य शरणमंडळात बसतो, ह्याचा अर्थ ताडीस मान्यता होती असा करणे चुकीचे ठरेल. पण ताडीवाला समाजाच्या आत होता. पुढील काळात तो सरकार आणि सुधारक ह्यांच्या कैचीत सापडला तसा तेव्हा सापडलेला दिसत नाही.

आता आंबिलीकडे वळावयाचे. हा शब्द संस्कृत 'अम्ल', प्राकृत 'अंबिल' ह्यांच्यापासून आलेला आहे. कन्नड व तेलुगूत त्याचे भावंड 'अंबली' आहे. लातूर, धाराशिव व नांदेडचा काही भाग ह्यांत मार्गशीर्ष अमावास्येस वेळ अमावास्या किंवा बोलीत 'येळवस' म्हणतात. हे नाव 'वेळ' ह्या मराठी शब्दावरून आले असे समजले जाते, परंतु कर्नाटकात हाच सण 'एळ्ळ अमावास्ये' ह्या नावाने चालतो आणि तेथे 'एळ्ळु' म्हणजे तीळ. 'एळु' म्हणजे सात असे धरून ही सातवी अमावास्या मानणारेही आहेत. कोणतेही मत स्वीकारले तरी नाव कन्नडातून आले आणि मराठीने आपल्या कानाला रुचेल असा त्याचा अर्थ लावला, हे मानण्यास प्रत्यवाय नाही. आंबील ज्या मडक्यातून शेतावर जाते त्या 'बिंदगी'चे नावही कन्नड 'बिंदिगे'च आहे.

आंबिलीची तयारी आधीपासून चालते. ज्वारीचे पीठ ताकात कालवून मडक्यात आंबत ठेवतात. मग ते शिजवून, ताक घालून पातळ करून त्यात लसूण, मीठ, जिरे इत्यादी घालतात. ताकातील दुग्धाम्ल-जीव हे येथील मुख्य किण्व. ते नवे आणावे लागत नाही, कारण घरातील विरजणाची परंपरा अखंड असते. कालचे आजच्यात मिसळते, आजचे उद्याच्यात. जुने व नवे एकत्र करण्याचे जे काम ब्रसेल्सचा मिश्रणकार वर्षांच्या हिशेबाने करतो तेच येथील गृहिणी दिवसांच्या हिशेबाने करते. मडके पुरेसे आंबले की नाही हे वासाने व जिभेनेच ठरते. थंडी जास्त असेल तर मडके चुलीच्या उबेस सरकते, एवढाच काय तो यंत्राचा भाग.

सणाच्या दिवशी शेतात कडब्याची कोप उभारून आत लक्ष्मीची व चुन्याने रंगविलेल्या पाच दगडांच्या पांडवांची पूजा होते. भज्जी म्हणजे रानातील शेंगा-पाल्याची मिसळीची भाजी, ज्वारी-बाजरीचे उंडे, खीर आणि आंबील असा नैवेद्य असतो. आंबील शेताभोवती शिंपतात. म्हणजे पहिला घोट पिकाला. नंतर पंगत बसते, आणि तिला शेत नसलेले, गावात पाहुणे म्हणून आलेले, वाटसरू असे सर्वच बोलाविले जातात. एका शेतावरून दुसऱ्या शेतावर जावयाचे आणि प्रत्येक ठिकाणी आंबील घ्यावयाची, हा शिरस्ता. साहजिकच अमक्याची आंबील गोड राहिली, तमक्याची करकरीत आंबली, हे संभाषण दिवसभर चालते. चवीची अशी सार्वजनिक पारख ह्या प्रदेशात वर्षातून एकदा तरी बिनबोभाट होत आली आहे, आणि तिला कोणी परीक्षक नेमलेला नाही.

येथे एक शंका उपस्थित करणे आवश्यक आहे. ज्वारी हे धान्य मूळचे आफ्रिकेतील. तेथे ज्वारीस मोड आणून, दळून, आंबवून दाट व आंबट बिअर करण्याची प्रथा आजही आहे. हे धान्य दख्खनला आले आणि मराठवाड्याच्या काळ्या मातीत असे रुजले की भाकरी व ज्वारी हे शब्द समानार्थी झाले. पण त्याची बिअर मात्र येथे झाली नाही. आंबट पेजेपाशीच ही वाट थांबली. नशेची गरज ओढ्याकाठच्या शिंदीने व डोंगरातील मोहाने भागविली, म्हणून धान्य पोटासाठी राखले गेले, हे एक संभाव्य उत्तर होय. पाऊस बेभरवशाचा असलेल्या मुलखात धान्य आंबवून पिणे ही चैन ठरते. झाडाचा रस मात्र दुष्काळातही गळतो.

शिंदीचे झाड नांदेडच्या पूर्वेस, देगलूर-बिलोलीपासून पुढे तेलंगणात, नाल्यांच्या कडेने दाट आढळते. त्याच्या शेंड्याखाली खोडास त्रिकोणी खाच पाडून रस काढतात. हंगाम मुख्यतः हिवाळ्याचा. एका वर्षी एका बाजूस खाच, तर पुढील वर्षी उलट बाजूस, अशी रीत असल्यामुळे खोड नागमोडी दिसू लागते, आणि खाचा मोजून झाड किती वर्षे काढले हे सांगता येते. मराठवाड्याच्या पेय-इतिहासाचे इतके प्रामाणिक दफ्तर दुसरे नाही.

ताजा रस गोड असून त्यात साधारण १० ते १२ टक्के साखर असते. मडक्यास आतून चुना लावला आणि रस सूर्योदयापूर्वी उतरविला तर तो नीरा म्हणून राहतो. चुना न लावलेल्या, कालच्या गाळाचा थर असलेल्या मडक्यात तोच रस झाडावर असतानाच आंबू लागतो. म्हणजे येथेही हवा, झाड आणि जुने भांडे हेच किण्वाचे आश्रय होत. लांबिकच्या पिंपाप्रमाणे शिंदीचे मडकेही स्वच्छ धुणे म्हणजे ते बिघडविणे. सॅकरोमायसीझ जातीचे किण्व, दुग्धाम्ल-जीव आणि शेवटी शिरकाम्ल-जीव असा क्रम ह्यात चालतो. लांबिकला तीन वर्षे लागतात त्या प्रवासातील बरीचशी वाट शिंदी एका दिवसात तुडविते. सकाळी ती गोड व फेसाळ, दुपारी आंबूस व कडसर, सायंकाळी तुरट आणि उग्र. दुसऱ्या दिवशी शिरका. म्हणून शिंदी पिणाऱ्याची पारख वर्षावर नसून प्रहरावर असते. 'चढलेली' आणि 'उतरलेली' हे शब्द त्या पारखीचेच. युरोपीय भाषांत ह्या विषयावर ग्रंथ झाले. मराठीत ही परिभाषा बोलीतच राहिली आणि शिष्ट वाङ्मयाने तिला ग्राम्य ठरविले, ह्यात आपल्या कोशकारांचाही थोडा दोष आहे.

मोहाचा प्रकार निराळा. किनवट-माहूरच्या जंगलपट्टीत गोंड, कोलाम, आंध, प्रधान ह्या जमातींच्या वस्त्यांत फाल्गुन-चैत्रात पडणारी मोहाची फुले वेचून वाळवितात. ती आंबवून मग ऊर्ध्वपातनाने दारू काढली जाते. देवकार्यात व मर्तिकात तिला स्थान आहे. परंतु ऊर्ध्वपातनामुळे किण्वाची चव बहुतांशी मागे राहते आणि फुलाचा वास तेवढा वर येतो. प्रस्तुत चर्चेत मोहाचे महत्त्व चवीपेक्षा करामुळे अधिक आहे.

हैदराबाद संस्थानात आबकारी हे शेतसाऱ्याच्या बरोबरीने राज्याच्या उत्पन्नाचे एक मोठे अंग होते. शिंदी काढण्याचा व विकण्याचा हक्क लिलावाने गुत्तेदारास मिळे, आणि प्रत्यक्ष झाडावर चढणारा कलाल त्या गुत्तेदाराचा बांधील होई. गुत्तेदार हा शब्द मराठवाड्यात आजही कोणत्याही ठेकेदारास लावतात. ह्या व्यवस्थेचा चवीवरही परिणाम झाल्यावाचून राहणे शक्य नव्हते. गुत्त्याची रक्कम भरून काढावयाची तर रस अधिकात अधिक खपला पाहिजे. आणि जो रस एका दिवसात नासतो, तो गावाबाहेरच्या दुकानापर्यंत जाईतो पाणी व इतर पदार्थ मिसळून टिकविण्याचा मोह सुटत नाही. ऊर्ध्वपातित दारू मात्र टिकते, मोजता येते व तिच्यावर कर बसविणे सोपे जाते. नासणाऱ्या पेयापेक्षा टिकणारे पेय राजसत्तेला नेहमीच प्रिय असते.

ह्या पार्श्वभूमीवर १९४७-४८ मधील घटनेचा विचार करावा लागतो. १९४७ च्या ऑगस्टमध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसने संस्थान भारतात विलीन व्हावे म्हणून लढा सुरू केला. अध्यक्ष स्वामी रामानंद तीर्थ ह्यांस १५ ऑगस्ट १९४७ रोजी अटक झाली व पुढील सूत्रे दिगंबरराव बिंदू ह्यांच्या नेतृत्वाखालील कृति-समितीने सरहद्दीबाहेरून हलविली. सत्याग्रहाच्या कार्यक्रमात शिंदीची झाडे तोडणे हे एक कलम होते. त्यामागील हेतू दुहेरी होता : निजामाच्या तिजोरीचा एक झरा बंद पाडणे आणि गांधीप्रणीत मद्यनिषेधाचे पाऊल टाकणे. जंगल सत्याग्रहाच्या परंपरेतून आलेले हे शस्त्र खेड्यातील सामान्य मनुष्यालाही उचलता येण्यासारखे होते. त्याला कुऱ्हाड पुरे होती. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ह्या पाच दिवसांच्या कारवाईने संस्थानाचा शेवट झाला.

मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात ह्या वृक्षतोडीचे वर्णन शौर्याच्या अंगाने येते, आणि ते योग्यही आहे. रझाकारांच्या दहशतीत सरकारी उत्पन्नाच्या झाडावर घाव घालणे म्हणजे जिवाशी खेळ होता. पण त्या झाडाला आणखी एक वारसदार होता. कलालाच्या दृष्टीने गुत्तेदार आणि सत्याग्रही दोघेही बाहेरून आले : पहिल्याने त्याच्या श्रमाचे मोल काढून घेतले, दुसऱ्याने श्रमाचे साधनच काढून घेतले. शिंदीला रसाला येण्यास कित्येक वर्षे लागतात. तोडण्यास एक दुपार पुरते. ह्या माणसाची बाजू लढ्याच्या आठवणींत अभावानेच आढळते. ती लिहिली गेली नाही म्हणून ती नव्हती असे समजणे इतिहासलेखनाच्या नीतीस धरून होणार नाही. लढ्याचे मोठेपण ह्या नोंदीने यत्किंचितही कमी होत नाही. त्याची किंमत कोणी किती भरली ह्याचा हिशेब तेवढा पुरा होतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, जो आज महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणून ओळखला जातो, ह्या जिल्ह्यांच्या वाट्यास आला. सरहद्दीपलीकडे तेलंगणात मात्र ताडी-शिंदीची जुनी व्यवस्था वेगळ्या वाटेने चालू राहिली. एकाच बोलीच्या, एकाच सोयरिकीच्या गावांमधून पेयाचा कायदा बदलू लागला. दरम्यान औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, ह्या नगराजवळ बिअरचे मोठे कारखाने उभे राहिले. त्यांतील बिअर एमिल हान्सेन ह्याने कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत १८८३ साली सिद्ध केलेल्या शुद्ध किण्वाच्या तत्त्वावर होते. तिच्यात हवेतील पाहुण्याला प्रवेश नाही. विशेष हे की कार्ल्सबर्गमध्येच क्लॉसेन ह्याने १९०४ साली मुरलेल्या इंग्लिश बिअरमधील रानटी किण्व ओळखून त्याला ब्रेटॅनोमायसीझ हे नाव दिले होते. लांबिकची मुरलेली चव ह्याच किण्वाची. शुद्धतेचे आणि रानटीपणाचे शास्त्र एकाच घरात जन्मले. मराठवाड्यात पहिल्याचा कारखाना आला, दुसऱ्याचा अभ्यास अद्याप व्हावयाचा आहे.

आंबिलीवर कोणी कर बसविला नाही आणि बंदीही घातली नाही. तिच्यावरील संकट शेतातूनच आले. लातूर ही सोयाबीनची मोठी बाजारपेठ झाली, आणि खरिपाची ज्वारी ह्या भागातून झपाट्याने मागे हटली. उसानेही आपला वाटा घेतला. येळवस मात्र अजून तितक्याच उत्साहाने होते; सणाच्या दिवशी लातूर शहरातील रस्ते ओस पडतात व माणसे रानात जातात. ज्याच्या शेतात ज्वारी उभी नाही त्याला त्या दिवशी कोपीचा कडबा आणि आंबिलीचे पीठ ही दोन्ही बाहेरून आणावी लागतात. मडके आणि विरजण तेवढे घरचे असते.